जागेवर कुलूप

उमाशंकरनं मला कुलूप आणून दिलं, त्याला येत्या अमावस्येला तीन महिने होतील. नवंकोरं, पितळी, दोन किल्ल्यांचं. तोवर आमच्या घरात कुलूप नव्हतं. का आणून दिलं ते सांगते, पण मधी कुणी मला शांत व्हा म्हणू नका. शांत राहण्यातच माझी सगळी वर्षं गेली.

मी गंगम्मा. लोहारा रोडला पाण्याच्या टाकीमागं आमचं घर आन् शेजारी उमाशंकरचं. नगरपालिकेत घर बांधायची परवानगी ज्या टेबलावरून मिळते, त्या टेबलाचा हा कारकून. मी लग्न होऊन आले तवा हा सहावीत होता. शाळा सुटली की आधी आमच्या चुलीपाशी यायचा, मग स्वतःच्या घरी जायचा. आमच्यात कार्य असलं की हुग्गी करतात, गव्हाची गुळातली खीर, वरून दूध आन् तूप. दोन वाट्या खाल्ल्याबिगर हा उठायचा न्हाय. मला गंगाक्का म्हणतो, अक्का म्हणजे थोरली बहीण. माझ्या लेकीच्या लग्नपत्रिकांवर सगळी नावं त्यानंच घातली होती. अक्षर लई देखणं, तेवढं मान्य करते.

दोन्ही घरांच्या मधी तीन फुटांची गल्ली होती. घरं माळवदाची. वर लाकडाच्या तुळया, त्यावर मातीचा जाड थर. पावसाचं पाणी ह्या गल्लीत उतरायचं आन् रस्त्याला लागायचं. गल्ली माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावावर, वीरप्पांच्या. सोळा वर्षांमागं माझे दीर आजारी पडले आन् मालक दोन महिने सोलापूरला दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होते. मी पण तिकडंच, डबा करायला. घरी पोरं होती, त्यांना ह्यानं सांगितलं, दादांना विचारलंय. परत येऊन बघतो तर गल्ली गायब. उमाशंकरनं मागची खोली वाढवून भिंत आमच्या भिंतीला आणून चिकटवली होती, वर आमच्या अंगणाकडं खिडकी काढली होती. "दादा, गवंड्यानं दोरी चुकीची धरली," म्हणाला. मालक म्हणजे देवमाणूस. मला म्हणले, "राहू दे गंगा. शेजार हाय. तीन फुटापायी तोंडं फिरवायची का?" तवाच म्या पदर खोचून भांडायला पाहिजे होतं. न्हाय भांडले. ती माझी चूक, ती मी कुणावर ढकलत न्हाय.

गल्ली बुजली, मग पाणी जाणार कुठं? ते आमच्या भिंतीत मुरायला लागलं. दोन पावसाळ्यांत मधल्या खोलीच्या तुळईचं टोक असं कुजलं की बोट घातलं तर भुसा हातात यायचा. मालकांनी ठरवलं, माळवद उतरवायचं आन् स्लॅब टाकायचा. त्याला पालिकेची परवानगी लागते. दोन हजार अकरा साली नकाशा काढून, जागेचा उतारा जोडून, सगळी फाइल उमाशंकरच्याच हातात दिली. घरचाच माणूस, म्हणून बिनघोर होतो.

परवानगीचं तवा असं होतं. फाइल आली की पाहणीला माणूस जायचा, जागा मोजायचा, टेबलावरचा कारकून कागदावर शेरा लिहायचा, मग साहेबाची सही. आमच्याकडं मोजायला कुणी येईचना. विचारलं की उमाशंकर म्हणायचा, "साहेबांना वेळ न्हाय, अक्का. मी मागं लागलोय." लोक म्हणले, वीरप्पा, तसाच टाका स्लॅब, कोण बघतंय. मालकांचा विचार हलला होता. तर ह्यानंच येऊन सांगितलं, "दादा, परवानगीबिगर हात लावू नका. पाडायची नोटीस मलाच काढावी लागंल, मला ते जमायचं न्हाय." डोळ्यांत पाणी आणून सांगितलं त्यानं. आमी तुळईला खालनं एक लाकडी टेकू लावला आन् वाट बघत बसलो.

दोन हजार तेराचा श्रावण. सोमवार होता. मालक अंघोळ करून पूजेला बसले, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, डोळे मिटलेले. मी ओट्यावर फुलं निवडत होते. टेकू सरकला आन् तुळई खाली आली. लिंग हातातनं सुटलं न्हाय, कंबर मोडली. त्यानंतर ते खाटेवरून उठले न्हाईत. पाच वर्षं. पडलेल्या खोलीवर आमी पत्रे टाकले. उमाशंकर दर सोमवारी यायचा, त्यांच्या कपाळाला विभूती लावायचा, "नशीब हो दादा," म्हणायचा. त्याची लेक जाई तवा डॉक्टरकी शिकत होती. सुट्टीला आली की मालकांच्या पाठीच्या जखमा धुऊन द्यायची, नाक न मुरडता. त्या पोरीला मी नाव ठेवणार न्हाय. अठरा साली मालक लिंगैक्य झाले, गेले.

मग मी एकटीच. पोरगा पुण्याला. गेल्या साली तो म्हणाला, आई, आता तरी पत्रे काढू, स्लॅब टाकू. म्या म्हणलं, परत ते टेबल? तर म्हणाला, आता टेबल न्हाय, सगळं ऑनलाइन झालंय.

स्टँडसमोर श्रीदेवीचं ऑफिस हाय. आमच्या ओळखीच्या धुळाप्पाची लेक, इंजिनिअर झालीय, लोकांचे नकाशे काढते आन् कॉम्प्युटरवर अर्ज भरते. तिच्याकडं गेले. ती म्हणाली, "काकू, तुमची जुनी फाइल असंल तर बरंच. पालिकेनं सगळ्या जुन्या फाइली स्कॅन करून टाकल्यात. अर्जाचा नंबर घातला की घरबसल्या कुणालाही दिसतात." मालकांनी पोचपावती जपून ठेवली होती, विभूतीच्या डब्यात. तिनं नंबर घातला. फाइल उघडली. ती वाचत गेली आन् मधीच तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवला.

"काय लिहिलंय?" म्या विचारलं.

"काकू, तुम्हीच वाचा."

चौथी शिकलेय, वाचता येतं. शिवाय ते अक्षर मला वाचायला काय अवघड. माझ्या लेकीच्या पत्रिकांवरचंच अक्षर. 'दिनांक १७ फेब्रुवारी २०१२. स्थळपाहणी केली. जागेवर कुलूप.' त्याच्याखाली, '९ ऑक्टोबर २०१२. स्थळपाहणी केली. जागेवर कुलूप.' त्याच्याखाली, '२२ जानेवारी २०१४. स्थळपाहणी केली. जागेवर कुलूप. अर्जदार मिळून येत नाहीत. प्रकरण दप्तरी दाखल.' दप्तरी दाखल म्हणजे काय, ते श्रीदेवीनं सांगितलं. फाइल बंद, कपाटात.

सतरा फेब्रुवारी म्हणजे माझ्या लेकीच्या साखरपुड्याचा दिवस. ती तारीख मी मरेपर्यंत विसरणार न्हाय. अंगणात मांडव होता, शंभर माणूस जेवलं. हा कचेरीतून अर्धी सुट्टी काढून आला आन् मांडवात बसून दोन वाट्या हुग्गी खाऊन गेला. नऊ ऑक्टोबरचं मला आठवत न्हाय, घरीच असणार, जाणार कुठं. पण तिसरी तारीख बघितली आन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा सालचा जानेवारी. मालकांना खाटेवर पडून पाच महिने झाले होते. ज्या माणसाला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागत होता, त्याला घेऊन मी कुठं गेले असते कुलूप लावून? तो घरात होता. उमाशंकर त्या सोमवारी त्याच्या कपाळाला विभूती लावून गेला आन् दोन दिवसांनी त्याच हातानं लिहिलं, जागेवर कुलूप. माणूस जागा मोजायला आला असता तर बुजवलेली गल्ली दिसली असती, एवढंच त्याला झाकायचं होतं. तीन फुटांसाठी ह्यानं माझ्या नवऱ्याचा केसानं गळा कापला.

मी उठले. पायातली चप्पल हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू. श्रीदेवीनं धरून बसवलं. म्हणाली, "काकू, जाऊ नका. आधी हे बघा."

नव्या अर्जांची यादी पण सगळ्यांना दिसते, त्यातला एक अर्ज तिनं उघडला. तो उमाशंकरचा होता. जाई डॉक्टर होऊन आली, तिला घरावर मजला चढवून दवाखाना काढून द्यायचा होता. दिवाळीनंतर तो रिटायर होणार, त्याआधी परवानगी पाहिजे होती. नकाशात त्यानं गल्ली स्वतःच्या घरात धरली होती. "हा नकाशा पास झाला की तीन फूट कायमचे त्याचे," श्रीदेवी म्हणाली. "मग तुमच्या स्लॅबला परवानगीसाठी बाजूला मोकळी जागा लागते, तीच उरत न्हाय. पाहणी गुरुवारी अकराला हाय. पाहणीचा माणूस आता बाहेरच्या गावचा येतो, चारी बाजूंनी जागेवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढतो, मापं भरतो. चौथी बाजू तुमच्या अंगणातूनच दिसते."

"मग पकडला जाईल की."

"फॉर्ममध्ये एक खूण हाय. शेजारची जागा बंद असंल तर तेवढी खूण करायची, तीन फोटोंवर काम होतं. चौथी बाजू नकाशात असंल तशी धरतात. आपण आधीच हरकत टाकू या का?"

म्या विचार केला. हरकत टाकली तर त्याला कळंल, तो चार ठिकाणी धावंल, काहीतरी गोलमाल करंल. म्या म्हणलं, "नको. तू मला त्या तीन शेऱ्यांचा कागद छापून दे. बाकी माझ्यावर सोड."

मंगळवारी संध्याकाळी उमाशंकर आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. "गंगाक्का, लई दिवस झाले, अणदूरला खंडोबाला गेला न्हाईत तुमी."

"व्हय, लई दिवस झाले."

"गुरुवारी जाऊन या की. मी जीपवाल्याला सांगतो, सकाळी आठला दारात येईल. दर्शन करा, जेवा, संध्याकाळी या निवांत."

आता मला कळलं, हा का आलाय. चेहरा हलू दिला न्हाय. "आन् घराचं काय रे? उघडं टाकून जाऊ?"

"कुलूप लावा."

"कुलूप न्हाय माझ्याकडं," म्या म्हणलं. "ह्या घराला कधी कुलूप लागलंच न्हाय, उमाशंकर. कुणी ना कुणी घरात असायचंच. तुला तर माहीत हाय."

त्यानं खाली बघावं, एवढीच माझी अपेक्षा होती. एकदा जरी मान खाली घातली असती तर कदाचित मी वेगळं केलं असतं. त्यानं माझ्या डोळ्यांत बघून म्हणलं, "एवढंच ना? मी देतो आणून." आन् अर्ध्या तासात बाजारातून नवं कुलूप घेऊन आला. वर म्हणतो कसा, "माझ्याकडून समजा, अक्का."

गुरुवारी पहाटे उठून म्या हुग्गी शिजवली. मोठं पातेलंभर. आठला जीप आली, उमाशंकर दारात उभाच होता. त्याच्यासमोर म्या कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली कनवटीला खोचली. जीपमधी बसले, स्टँडला उतरले. श्रीदेवीच्या ऑफिसात तासभर काढला आन् मागच्या बाजूनं, टाकीच्या अंगानं घरी आले. कुलूप काढून दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. अंगणात सडा टाकला, सतरंजी अंथरली, ठेवणीतलं इरकल नेसले. मालकांचा फोटो पुसून खाटेच्या जागी ठेवला.

अकराला ते आले. पाहणीचा पोरगा रुद्रेश, उमरग्याकडचा, हातात मोबाइल आन् टेप. उमाशंकर त्याच्या पुढं पुढं बोलत येत होता, मला आतून ऐकू येत होतं. "तीन बाजू झाल्या साहेब. इकडं शेजारी अक्का राहतात, त्या अणदूरला गेल्यात. जागेवर कुलूप हाय, तेवढी खूण करा आन्..." कोपरा वळला आन् त्याचं वाक्य तिथंच राहिलं. मी दारात उभी होते.

"बर्री, कूडरी," म्या रुद्रेशला म्हणलं, या, बसा. कन्नड ऐकून पोरगा हसला. "घर उघडं हाय. कुठं पाहिजे तिथं मोजा."

त्यानं मोजलं. खिडकीचा फोटो काढला, भिंतीचा काढला, उतारा मोबाइलवर उघडून दोन वेळा ताडून बघितला. तीन फूट दोन इंच. उमाशंकर म्हणत होता, "आमच्यात समजूत हाय साहेब, दादांनीच दिलीय ती जागा." रुद्रेशनं माझ्याकडं बघितलं. म्या म्हणलं, "दादा आता सांगायला न्हाईत. पण त्यांचा कागद हाय. आधी जेवा, मग दाखवते."

दोघांना सतरंजीवर बसवलं. वाट्या भरल्या, वर दूध, वर तूप. उमाशंकर बसत नव्हता, पण साहेब बसला म्हणल्यावर ह्याला बसावं लागलं. त्यानं पहिला घास घेतला आन् म्या कागद काढला. मोठ्यानं वाचला, तारखेसहित, तिन्ही शेरे. प्रत्येक तारखेला थांबले आन् त्या दिवशी घरात कोण होतं ते सांगितलं. पहिल्या तारखेला म्हणलं, "त्या दिवशी तू जिथं बसून खाल्लंस, आज पण तिथंच बसलायस." तिसऱ्या तारखेला मालकांच्या फोटोकडं नुसता हात केला. रुद्रेशनं वाटी खाली ठेवली.

उमाशंकरच्या तोंडातला घास गिळवत नव्हता आन् थुंकवत पण नव्हता. ते बघून मला बरं वाटलं. असं वाटू नये म्हणतात. मला वाटलं, आन् लई वाटलं. म्या पळी भरून त्याच्या वाटीत परत हुग्गी घातली. "खा. तू दोन वाट्या खाल्ल्याबिगर उठत न्हाईस."

रुद्रेश हळू आवाजात म्हणाला, "आजी, हा कागद मला अर्जाला जोडावा लागंल."

"त्यासाठीच छापलाय," म्या म्हणलं.

चार दिवसांत उमाशंकरच्या मोबाइलवर निरोप आला. अर्ज नामंजूर. शेजारच्या हद्दीत बांधकाम, भिंत काढून पुन्हा अर्ज करावा. त्या तीन शेऱ्यांचा खुलासा पालिकेनं मागितला तो वेगळाच. भिंत पाडायला पालिकेची माणसं आली तवा मी ओट्यावर बसून बघितलं, शेवटची वीट निघेस्तोवर. माझ्या मालकांची गल्ली परत उघडी झाली. जाईच्या दवाखान्याचं मला वाईट वाटलं. वाईट वाटलं तरी हात मागं घेतला न्हाय.

भिंत पडली त्याच दिवशी जाई आली. "काकू, बाबा म्हणतात तुमी जागेसाठी खोटा कागद केला. खरं सांगा." म्या कागद तिच्या हातात दिला. तिनं अक्षर ओळखलं. तिसऱ्या तारखेवर बोट ठेवलं, कारण त्या जानेवारीत सुट्टीला येऊन काकांच्या जखमा तिनंच धुतल्या होत्या. मालकांच्या फोटोच्या पाया पडली आन् निघाली. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन लातूरला गेली, तिथल्या दवाखान्यात नोकरी धरली. बापाचा फोन उचलत न्हाय, असं आजूबाजूचे सांगतात.

गेल्या सोमवारी सकाळी उमाशंकर आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. मी दारात शेवग्याच्या शेंगा सोलत होते. तो पायरीच्या खालीच उभा राहिला.

"अक्का, भिंत गेली, जाऊ द्या. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण जाई बोलत न्हाय माझ्याशी." त्यानं पायरीला हात लावला. "ती तुमचं ऐकते. तुमी एकदा फोन करा. म्हणा, साहेबांच्या दाबापायी लिहिलं, उमाशंकरचा दोष न्हाय. एवढं एकच वाक्य. तुमच्या दारात आलोय, अक्का."

साहेबाला त्यातलं काही ठाऊक पण नव्हतं, हे त्याला माहीत, मला माहीत. म्या शेंगांची परडी बाहेर ओट्यावर ठेवली. आत जाऊन खुंटीवरचं कुलूप आणलं, तेच, पितळी. दाराच्या फळ्या ओढल्या, कडी घातली, कुलूप लावलं आन् ओढून बघितलं. तो आशेनं बघत होता, त्याला वाटलं मी त्याच्याबरोबर निघाले. मी त्याच्यासमोर ओट्यावर बसले आन् परडी मांडीवर घेतली.

"घरी कुणी न्हाय, उमाशंकर," म्या म्हणलं. "जागेवर कुलूप हाय. लिहून घे."